विटांच्या भल्यामोठ्या फायरप्लेसचं काय करायचं? बेलापूरच्या एका बंगल्याचं प्रकरण

बेलापूरच्या पारसिक हिलवरचा हा दुमजली बंगला १९९३ सालचा. मालक मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होते. उत्तरेकडच्या थंड बंदरांमध्ये त्यांनी विटांच्या फायरप्लेस पाहिल्या होत्या आणि स्वतःचं घर बांधताना दिवाणखान्यात तशीच एक हवी, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. गवंड्याने ती कधी बांधली नव्हती, नकाशा काढणाऱ्यानेही नाही. मालकांनी आठवणीतून आणि फोटोंवरून ती उभी करून घेतली. ३.२ मीटर रुंद, जमिनीपासून छतापर्यंत २.९ मीटर उंच, भिंतीतून ४५० मिलिमीटर पुढे आलेली. मधोमध ९०० बाय ७००चं तोंड, त्याखाली ३०० मिलिमीटर उंचीचा विटांचा ओटा, वर सागवानी जाड फळी. धुराडं पहिल्या मजल्याच्या बेडरूममधून जाऊन गच्चीवर निघतं.

मला बोलावलं ते त्यांच्या मुलाने. तो आणि त्याची बायको पुण्याहून कायमचे राहायला आले होते, सोबत नुकतं चालू लागलेलं बाळ. पहिल्या भेटीत चौघांचीही चार मतं होती. मुलाला ती भिंत झाकून तिथे टीव्ही लावायचा होता. सुनेला ओट्याच्या धारदार कडांची भीती वाटत होती, आणि ती रास्त होती. काकांचं, म्हणजे मालकांचं, म्हणणं एवढंच, "वीट दिसली पाहिजे. बाकी तू ठरव." काकू गप्प होत्या. चहा ठेवायला उठल्या तेव्हा मी मागोमाग गेले, तर म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं त्या खाचांमधून ब्रश फिरवतेय मी. आणि गणपतीत मागे पांढरी चादर लावावी लागते, नाहीतर मूर्ती त्या काळोखात हरवते. पण ह्यांनी हौसेने बांधलीय, म्हणून बोलले नाही कधी."

या चार मतांतलं सगळ्यात उपयोगी वाक्य काकूंचं होतं, हे पुढे कळलं.

भिंत काय सांगत होती

अशा कामात रंग, टाइल, पॅनेल यांची चर्चा लगेच सुरू होते. माझा आग्रह असतो की आधी भिंत वाचायची, आणि ती वरून खाली वाचायची.

दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वरच्या उजव्या खांद्यावर विटांना लोणा लागला होता. पांढरी, पिठूळ पुटं. मुलाला वाटत होतं, जुन्या विटांना असं होतंच. विटेत आणि सिमेंटमध्ये सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे क्षार थोडेफार असतातच, पण ते आपोआप बाहेर येत नाहीत. त्यांना विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणायला पाणी लागतं. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. म्हणजे लोणा दिसला की पहिला प्रश्न, पाणी कुठून येतंय?

वरच्या बेडरूममध्ये धुराड्याचा उभा खांब पीओपीने झाकलेला आणि त्याला लागून कपाट. कपाट पुढे ओढलं तर मागच्या प्लायवर बुरशी, आणि खांबाच्या रंगाला पोपडे. गच्चीवर उत्तर मिळालं. धुराड्याच्या माथ्यावर सपाट काँक्रीटची लादी होती, तिला मधोमध तडा. लादीच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नाही, त्यामुळे वरचं पाणी कडेवरून वळून थेट विटांवर ओघळायचं. आणि धुराडं गच्चीच्या कोब्यातून जिथे वर येतं, तिथे वाटा, म्हणजे सांध्याला दिलेली गोल उतरती कड, नव्हताच. कोबा आणि वीट यांचा सरळ काटकोन, मधे बोटभर फट. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि टेकडीवर तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यासोबत आडवा येतो. पश्चिमेच्या कडेला उभं असलेलं हे धुराडं तीस पावसाळे ते सगळं झेलत होतं.

युरोप-अमेरिकेत फायरप्लेसविषयी जे लिहिलं जातं, ते आगीच्या धाकाने लिहिलेलं असतं आणि तिथे ते बरोबरही आहे. आपल्याकडे अशा भिंतीचा पहिला शत्रू पाऊस. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर झाकण्याचा प्रत्येक उपाय पाण्यालाही आत झाकून ठेवतो.

दुसरी खूण तोंडाच्या वर. लिंटेलच्या (तोंडावरच्या आडव्या तुळईच्या) विटांवर काळा ओघळ आणि सागवानी फळीची खालची बाजू काळवंडलेली. काका म्हणाले, डिसेंबरात लाकडं पेटवली की धूर खोलीत यायचा, म्हणून नंतर पेटवणं जवळजवळ बंदच झालं. मी धुराची नळी मोजली. जुना सिमेंटचा पाइप, आतून १५० मिलिमीटर व्यासाचा. तोंडाचं क्षेत्रफळ ०.६३ चौरस मीटर. उघड्या फायरप्लेसचा रूढ ठोकताळा असा की गोल नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या निदान बाराव्या हिश्शाएवढं हवं, म्हणजे इथे ०.०५ चौरस मीटरच्या पुढे. प्रत्यक्षात होतं ०.०१८च्या आसपास. गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश. शिवाय आतला खण खोल आणि सरळ बाजूंचा. फायरप्लेसचा अभ्यास करणाऱ्या काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये लिहून ठेवलं होतं की खण उथळ हवा, बाजू तिरक्या हव्यात आणि धूर वर जायचा गळा अरुंद हवा. यातलं काहीच इथे नव्हतं. काकांना इतकी वर्षं वाटत होतं की लाकूड ओलं मिळतं. आकडे कागदावर मांडून दाखवले तेव्हा ते बराच वेळ ते बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे ही कधी पेटणारच नव्हती नीट."

पेटवायची की नाही, हे आधी

झाकण्याच्या सगळ्या पर्यायांची किल्ली या प्रश्नात आहे. जी फायरप्लेस पेटणार आहे तिच्यावर काय लावता येतं आणि जी पेटणार नाही तिच्यावर काय लावता येतं, या दोन निरनिराळ्या याद्या आहेत.

अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नियमात तोंडापासून ६ इंच, म्हणजे साधारण १५० मिलिमीटरच्या आत काहीही जळाऊ असू नये असं आहे. तोंडाच्या वर १२ इंचांच्या आत लाकडी फळी असेल, तर ती दर एक इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे येता कामा नये. ओटा तोंडापुढे निदान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच हवा, आणि तोंड ६ चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल तर २० आणि १२. आपल्याकडे घरगुती फायरप्लेससाठी हे आकडे कोणी तपासत नाही, पण लाकूड इथेही त्याच तापमानाला पेटतं, म्हणून मी ते वापरते. काकांची फळी तोंडापासून २५० मिलिमीटर वर आणि २०० मिलिमीटर पुढे आलेली. हिशेबाने ती फार तर ३१ मिलिमीटर पुढे चालली असती. काळवंडलेली बाजू हेच सांगत होती. लाकूड पुन्हा पुन्हा मंद आचेवर तापत राहिलं की आतून बदलतं आणि हळूहळू कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. त्या फळीला आग लागली नाही याचं कारण फायरप्लेस फारशी पेटलीच नाही.

बेलापूरला जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधरा-सोळाच्या खाली उतरत नाही. उबेची गरज नाही. नळी बदलायची तर धुराडं वरपासून खालपर्यंत फोडावं लागणार. त्यातही जुना सिमेंटचा पाइप म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंटचा असण्याची दाट शक्यता, आणि तो कोरडा कापला की उडणारे तंतू फुप्फुसांत जातात. पाइप जागेवर, न फुटता राहिला तर तो त्रास देत नाही. म्हणून ठरलं, लाकूड पेटणार नाही आणि पाइपला हात लागणार नाही. हा निर्णय काकांनी घेतला, आणि तो त्यांनीच घ्यावा म्हणून मी थांबले होते.

बाजूला ठेवलेले पर्याय

पाडून टाकणं सगळ्यात आधी गेलं. पोकळ्या वजा जाता तळमजल्यावरचं बांधकामच सहा-सात टनांचं होतं, आणि वरच्या बेडरूममधला खांब त्याच्यावर उभा होता. खालचं काढलं तर वरचं अधांतरी. त्याला लोखंडी आधार द्यायचा, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला घ्यायचा, परवानग्या काढायच्या, आणि एवढं करून हाती काय, तर एक साधी भिंत.

जिप्सम बोर्डाने झाकणं हा मुलाचा आवडता पर्याय होता. एका ठेकेदाराने त्याला तीन दिवसांत भिंत सपाट करून देतो असं सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. तीन दिवसांत होतं. लोखंडी चौकट, वर बोर्ड, पुट्टी, रंग. कोरड्या भिंतीवर, न पेटणाऱ्या फायरप्लेसपुढे हा उपाय वाईट नाही. जिप्सममध्ये रासायनिक बांधलेलं पाणी असतं, त्यामुळे आगीपुढे तो प्लायपेक्षा कितीतरी बरा. पण सततच्या ओलीत तो मऊ पडतो. इथे बोर्डामागे ओली वीट आणि बंद पोकळी राहिली असती. पहिल्या पावसाळ्यात डाग, दुसऱ्यात बुरशी, आणि मधल्या अंधारात झुरळं. प्लाय आणि व्हिनिअरचं पॅनेलिंग केलं असतं तर वाळवीही.

दगड किंवा टाइल लावण्याची सूचना सुनेची. समोरची आणि बाजूंची मिळून जवळपास ११ चौरस मीटर जागा. २० मिलिमीटर जाडीचा नैसर्गिक दगड चिकटवण्याच्या मसाल्यासह चौरस मीटरला पंचावन्न ते साठ किलो भरतो, म्हणजे सहाशे किलोंच्या वर. पायाला ते जड नव्हतं. अडचण दोन होत्या. विटांचे सांधे खोल आणि विटा हाताने पाडलेल्या, एकही दुसरीच्या ओळंब्यात नाही. म्हणजे आधी टाचे मारून गिलावा करायचा आणि मग दगड. आणि एकदा ते केलं की वीट कायमची गेली. काकांची एकमेव अट मोडली असती.

ऑइल पेंट किंवा अॅक्रिलिक रंग सगळ्यात स्वस्त आणि झटपट. मी तो लावू दिला नाही. रंगाचं पातळ आवरण विटेचा श्वास अडवतं. मागून आलेली ओल त्याला फुगवते, सोलून काढते, आणि सोलताना विटेची वरची पापुद्रीही घेऊन येते. विटेत शिरलेला असा रंग पुन्हा काढणं जवळपास अशक्य असतं. ज्याला आपली भिंत बारा महिने कोरडी असल्याची खात्री आहे, त्याने खुशाल लावावा.

सिलिकेट रंग मात्र गांभीर्याने विचारात घेतला. जर्मनीत अॅडॉल्फ विल्हेम काइमने १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पोटॅशियम सिलिकेट विटेतल्या खनिजांशी रासायनिक जोड करतं, वर आवरण बनत नाही, वाफ आरपार जाते. टिकाऊपणात तो चुन्याच्या सफेदीच्या पुढे आहे. पण तोही मागे घेता येत नाही, आणि या घरात अजून कोणाचं मत पक्कं नव्हतं. मला असा उपाय हवा होता, ज्यातून माघार घेता येईल. म्हणून चुन्याची पातळ सफेदी निवडली.

पावसाआधी गच्ची, पावसानंतर भिंत

मे २०२३ मध्ये आम्ही फक्त वरचं काम केलं. माथ्यावरची फुटकी लादी उतरवली. नवी लादी चारही बाजूंना बाहेर आलेली, वरून उताराची, खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच. लादी आणि विटा यांच्यामध्ये बाजूंनी हवा जाईल अशा फटी ठेवल्या आणि त्यांना स्टीलची बारीक जाळी. जाळी कबुतरांसाठीच नाही, डासांसाठीही, म्हणून साध्या जाळीवर भागवलं नाही. धुराड्याच्या तळाशी कोब्याला गोल वाटा काढला, त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर विटांवर वीतभर वर चढवून घेतले. धुराड्याच्या बाहेरच्या विटांचे झिजलेले सांधे खरवडून पुन्हा भरले. मग गच्चीच्या मोऱ्या बंद करून पाणी तुंबवलं आणि खालची छतं तपासली.

धुराडं वरून हवाबंद करायचं नाही, हे मिस्त्रींना पटवायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं साहजिक होतं, भोक बुजवलं की पाणी बंद. पण वापरात नसलेल्या धुराड्यात हवा खेळती राहिली नाही तर आतल्या गार भिंतींवर दमट हवेचं पाणी होतं. म्हणून वर फटी आणि खाली खणाच्या छताला झडपेची जाळी, दोन्हीकडून थोडी हवा.

आता खरा वाद. मुलाला गणपतीआधी भिंत तयार हवी होती. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, म्हणजे वेळ भरपूर होता. मी म्हणाले, आतलं काम दिवाळीनंतर. भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला (पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात), ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि तारीख लिहिली. पाऊस भिंतीला तपासेल, तोवर तिच्यावर काहीही लागणार नाही. तो नाराज झाला. "मॅडम, मग यंदाही चादरच का?" काकूंनी त्याला थांबवलं, "एक वर्ष आणखी चादर लावली तर काही होत नाही."

त्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या आठवड्यात आमच्या पट्ट्यात पाऊस थांबतच नव्हता. काका रोज सकाळी पेन्सिलची रेघ बघायचे आणि मला फोटो पाठवायचे. डाग रेघेबाहेर गेला नाही. ऑगस्टअखेरीस त्याची कड फिकी व्हायला लागली. वरच्या बेडरूमचा खांबही कोरडा राहिला. गणपतीत मागे चादर होती आणि मुलगा ती लावताना म्हणाला की आता त्याला घाई नाही.

खरा बदल सांध्यांनी केला

नोव्हेंबरात आतलं काम सुरू करताना मी सगळ्यात जास्त विचार विटेच्या रंगाचा केला नव्हता. काकूंच्या ब्रशचा केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "खाचांमधून."

विटा २३० बाय ७५ मिलिमीटरच्या, सांधे १२ मिलिमीटरचे. हिशेब केला तर समोरच्या पृष्ठभागाचा जवळपास १८ टक्के भाग सांध्यांचाच भरतो. हे सांधे विटेच्या तोंडापासून १० मिलिमीटर आत खरवडलेले होते. तेव्हा ती फॅशन होती, प्रत्येक वीट उठून दिसायला हवी म्हणून. पण त्यामुळे प्रत्येक विटेखाली सावलीची काळी रेघ पडत होती, अशा शेकडो रेघा. भिंत अंधारी दिसत होती ती विटेच्या लाल रंगाने जेवढी, त्याहून जास्त या सावल्यांनी. आणि प्रत्येक खाच म्हणजे धुळीचं फडताळ.

म्हणून ठरवलं, विटेला रंग देण्याआधी सांधे विटेच्या तोंडाबरोबर भरायचे. चुन्याच्या मसाल्याने, सिमेंटच्या नाही. चुना आणि बारीक चाळलेली वाळू, एकास तीन. चुना भिजवून मुरवून घेतला. चुना विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे भिंतीत थोडी ओल आली तर ती सांध्यातून बाहेर पडते आणि झीज सांध्याची होते, विटेची होत नाही. मागचा जुना सिमेंटचा सांधा पाण्याने भिजवून, दाबून भरायचा, मग वरून गोणपाटाने पुसून विटेच्या कडा जराशा बुजवायच्या. थोडा मसाला विटांच्या तोंडावरही पसरू दिला. कुठे जास्त, कुठे कमी. मिस्त्रींना सुरुवातीला हे काम गलथान वाटलं, कारण त्यांच्या हाताला रेघ सरळ काढायची सवय. दुसऱ्या दिवशी मसाला सुकून पांढरट झाला तेव्हा ते स्वतःच दूर उभे राहून बघत होते. भिंत शांत झाली होती. चुन्याचा हात लागण्याआधीच खोली उजळली होती, आणि तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं.

पण त्याआधीची एक अडचण सांगायला हवी, कारण ती पुष्कळ घरांत निघते. विटांवर कधीतरी चकचकीत वॉर्निश मारलेलं होतं. ओळखायची रीत सोपी आहे, विटेवर पाण्याचा थेंब टाकायचा. शोषला गेला तर वीट उघडी, मण्यासारखा राहिला तर वर काहीतरी आहे. वॉर्निशवर चुना बसत नाही. ते काढायला कोणी सँडब्लास्टिंग सुचवलं होतं, ते मी ठामपणे नाकारलं. भट्टीत भाजताना विटेवर बनलेली कडक त्वचा वाळूच्या माऱ्याने उडते, आतली मऊ वीट उघडी पडते आणि पुढे ती भुरभुरत राहते. अॅसिडही नको, ते सांधे खातं आणि मागे नवे क्षार ठेवतं. आम्ही रंग काढायची पेस्ट लावून, खिडक्या उघड्या ठेवून, ताठ नायलॉनच्या ब्रशने थोडं थोडं काढलं. पहिला नमुना बाजूच्या आड भागात, सोफ्यामागे. काही विटांनी वॉर्निश सोडलंच नाही. त्यांना दगडाने हाताने घासलं आणि सोडून दिलं.

चुन्याची सफेदी दुधाइतकी पातळ, त्यात थोडं डिंकाचं पाणी आणि चिमूटभर पिवडी, कारण शुद्ध पांढरा त्या सागवानी फळीशेजारी निळसर दिसत होता. भिंत आधी पाण्याने फवारायची, मग पातळ हात. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही आणि न राहवून माणूस जाड लावतो. जाड लागला की भुकटी होऊन पडतो. एक हात, एक दिवसाची विश्रांती, मग पुढचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, त्याला वेळ द्यावाच लागतो. डोळ्यांना चश्मा आणि हातमोजे सक्तीचे, कारण ओला चुना दाहक असतो. बाळाला त्या दिवसांत वरच्या मजल्यावर ठेवलं. तीन हात झाल्यावर वीट धूसर दिसत होती, चौथ्याला काकांनी "बास" म्हटलं. जिथे वॉर्निश राहिलं होतं त्या विटा चुना न धरता लालसर राहिल्या, भिंतभर विखुरलेल्या. काकांना त्याच सगळ्यात आवडतात.

ओटा, फळी, टीव्ही

ओट्याच्या कडा विटांच्या होत्या म्हणून धारदार. त्यावर काळा कडप्पा बसवला, पुढची कड पूर्ण गोल करून, कोपरे मोठ्या गोलाईचे. ओटा भिंतीच्या दोन्ही टोकांपर्यंत लांबवला, आता त्यावर चार माणसं बसतात. सुनेने वर लाकूड सुचवलं होतं, बसायला उबदार म्हणून. फायरप्लेस पेटणार नसताना लाकूड चाललं असतं. तरी मी दगडच घेतला. घर उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल, तो तोंड बघून लाकडं पेटवील, आणि तेव्हा त्याला विचारायला मी तिथे नसेन. त्याच विचाराने खणाच्या आत डोळ्यांसमोर एक छोटी पितळी पट्टी लावली: धुराडं बंद आहे, आग पेटवू नये.

फळी काढली नाही. काळवंडलेला भाग घासून, जुनं पॉलिश उतरवून तेल दिलं. खणाच्या आत मागे वॉर्म एलईडीची पट्टी आहे. इथेनॉलच्या शेगडीचा विचार मुलाने मांडला होता. तिला धुराडं लागत नाही हे खरं, पण तिच्यातून निघणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड खोलीतच राहतो, आणि एसी लावून बंद केलेल्या खोलीत लहान मूल असताना उघडी ज्योत मला नको होती.

टीव्ही बाजूच्या भिंतीवर गेला. ओटा ३०० आणि तोंड ७०० मिलिमीटर, त्यावर लिंटेल आणि फळी, म्हणजे टीव्हीचा मध्य दीड-पावणेदोन मीटरवर गेला असता. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर असतात. तासभर मान वर करून बघणं काकांच्या मानेला परवडणारं नव्हतं.

त्यानंतरचे पावसाळे

खर्चाचा मोठा वाटा गच्चीवर गेला, दिवाणखान्यात कमी. मुलाला हे आधी पटलं नव्हतं, पण २०२४ च्या पावसाळ्यात खांद्यावरच्या विटा कोरड्या राहिल्या आणि वरचं कपाट पुन्हा खांबाला टेकलं. त्या सप्टेंबरात गणपती ओट्यावर बसला, मागे चादर नव्हती.

दोन गोष्टी अजून चालू आहेत. चुना कपड्यांना लागतो. ओट्यावर टेकून बसलं की काळ्या शर्टावर पांढरं उमटतं, म्हणून पाठीच्या उंचीवर कडप्प्याची एक आडवी पट्टी लावायची ठरलं आहे. दुसरं, डाव्या खालच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, थोडा लोणा नव्याने आला आहे. तो धुराड्याचा नाही. त्या कोपऱ्याच्या बाहेर बागेची माती प्लिंथच्या (जोत्याच्या) वर चढवलेली आहे आणि तिथे रोज पाइपने पाणी घातलं जातं. कोपऱ्यावर पेन्सिलची रेघ आहे, तारीख आहे, आणि माती खाली उतरवायला माळ्याला सांगितलं आहे. ती उतरल्यावर एक पावसाळा जाऊ देऊ, मग तिथे चुन्याचा एक हात.